धूर लाकडाचा, ऊब विटांची

मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीबरोबर नाताळ येतो आणि वांद्र्याच्या वाड्यांतून, वसईच्या ख्रिस्ती घरांतून केकचा दरवळ सुटू लागतो. शेजारधर्म पाळणाऱ्या हिंदू कुटुंबांना तो परका नाही. दिवाळीत फराळाचे ताट ज्या घरी गेले, त्याच घरून नाताळात ताट परत येते. अंडे व मद्य ज्यांना वर्ज्य, त्यांच्या ताटात आठवणीने नेवऱ्या ठेवलेल्या असतात.

हा केक एका दिवसाचा नव्हे. बेदाणे, मनुका, संत्र्याची पाकवलेली साल ही कित्येक आठवडे आधी रममध्ये भिजत पडतात. पुढे लोणी-साखर फेसणे, साखर करपवून रंग साधणे, फळे तळाशी बसू नयेत म्हणून कोरड्या मैद्यात घोळविणे, ही सारी कामे घरची माणसे वाटून घेतात. पूर्वी अनेक घरांत ओव्हन नसे. तेव्हा घरी कालविलेले मिश्रण डब्यांत भरून शेजारच्या बेकरीत जाई. आमच्या पिढीला हे नवे नाही. दिवाळीच्या नानकटाईचे पत्रेही त्याच भट्टीच्या दारी रांगेत असत.

अशा भट्ट्यांपुढे आज प्रश्न उभा आहे. मुंबईतील हवेच्या प्रदूषणाविषयीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड व कोळशावरील बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून तयार केकवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लोणी आणि सुक्या मेव्यावरील करही १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे करसवलत विकतच्या केकला मिळाली, तशी घरच्यालाही मिळाली. घरच्या केकपुढची खरी अडचण पैशाची नाही. तो भाजणाऱ्या भट्टीची आहे.

न्यायालयाच्या आदेशामागील चिंता रास्त आहे. धुराचा पहिला बळी भट्टीपुढे उभा असलेला कामगारच असतो. परंतु लाकूड आणि भट्टी या दोन वस्तू भिन्न आहेत, हे विसरता कामा नये. फळांनी जड झालेल्या केकला मंद आंच लागते. प्रखर आंचेत कडा करपतात आणि गाभा कच्चा राहतो. पावाचे घाणे निघाल्यावर भट्टीत हळूहळू उतरत जाणारी धग केकला मानवते. ही धग साठवितात त्या जाड विटा. त्या लाकडाने तापल्या की गॅसने, याच्याशी केकला कर्तव्य नाही.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, जिथे शक्य असेल तिथे विटांची भट्टी राखून तिचे इंधन बदलावे. लहान बेकरीवाल्याला हा खर्च एकरकमी पेलणे कठीण. त्यासाठी अल्प व्याजाचे कर्ज आणि तांत्रिक सल्ला देणे हे शासनाचे व महापालिकेचे काम आहे. केवळ मुदती ठरवून भागणार नाही. बेकरी बंद पडली तर पाव दुसरीकडून येईल, पण परधर्मीय शेजाऱ्याचे मिश्रण आपुलकीने भाजून देणारा हात कोठून येणार?

अग्नीला आपण देवांचे मुख मानतो. त्या मुखातून विषारी धूर निघू नये, ही अपेक्षा धर्माला धरूनच आहे. आणि ज्या अग्नीवर कधी आपली नानकटाई भाजली, कधी शेजाऱ्याचा केक, तो विझू नये, हीही. येत्या नाताळात शेजारून ताट आले, तर ते कोणत्या भट्टीतून आले एवढे अवश्य विचारावे. आणि पुढच्या दिवाळीत आपला पत्रा तिथेच न्यावा.