तापाचे पहिले तीन दिवस

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. 'मुलाला सारखा ताप येतो, प्रतिकारशक्ती वाढवणारे एखादे औषध सांगा,' असे निम्म्या पत्रांत तरी असते. आम्ही कुणाला हसत नाही, कारण ही घाई आम्हीही केलेली आहे. दोन वर्षांपूर्वी धाकट्या नातवाला ताप भरला, तेव्हा मागच्या दुखण्यातील उरलेली अँटिबायोटिकची बाटली कपाटातून आम्हीच बाहेर काढली होती. सूनबाई हळूच म्हणाली, "अब्बा, आधी डॉक्टरसाहेबांना दाखवू या ना."

डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "चाचा, हा विषाणूचा ताप दिसतो. ते औषध जिवाणूंवरचे, इथे त्याचा उपयोग नाही. याच्या अंगातले पहारेकरी कामाला लागले आहेत. त्यांना दोन-तीन दिवस द्या आणि तुम्ही मुलावर नजर ठेवा."

हे पहारेकरी कोण, ते या वेळी पाहू.

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी पहिल्या काही तासांतच इंटरफेरॉन नावाची रसायने सोडते. शेजारच्या पेशींना ती धोक्याची सूचना असते. या सूचनेने रक्तातील काही पांढऱ्या पेशी जाग्या होतात. त्यांना नॅचरल किलर पेशी, म्हणजे नैसर्गिक मारक पेशी म्हणतात. अंग मोडून येणे, कणकण, सुस्ती यांत या रसायनांचाही मोठा वाटा असतो.

'नैसर्गिक' हे नाव का? 1975 च्या सुमारास स्वीडनमधील स्टॉकहोम येथे रॉल्फ किसलिंग आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या पेशींवर काम करीत होते. त्याच काळात अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांचेही असेच काम चालू होते. काही पांढऱ्या पेशी कर्करोगाच्या पेशींना आधीची कोणतीही ओळख नसताना मारतात, असे त्यांना दिसले. टी पेशींचे तसे नसते. नव्या शत्रूशी लढण्याजोगी त्यांची फौज वाढायला आठवडाभर लागतो. त्या आठवड्याच्या सुरुवातीचा किल्ला ज्या पेशी लढवतात, त्यांत या मारक पेशी महत्त्वाच्या आहेत.

पण ओळख नसताना शत्रू कोण आणि आपले कोण, हे त्यांना कळते कसे?

धान्याच्या बाजारात प्रत्येक पोत्यापुढे आतल्या मालाचा मूठभर नमुना ठेवलेला असतो. आपल्या पेशीही तसेच करतात. आत जी प्रथिने तयार होतात, त्यांचे बारीक तुकडे एचएलए नावाच्या रेणूंवर ठेवून पेशी ते बाहेर मांडते. टी पेशी येता-जाता हा नमुना तपासतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला की ती पेशी मारली जाते.

विषाणूही कमी लबाड नाहीत. नागिणीच्या कुळातील सायटोमेगॅलो विषाणू हे नमुने बाहेर येऊच देत नाही. नमुना नाही, तर टी पेशींना तपासायला काही उरत नाही. मारक पेशी नेमके हेच पाहते. 'याच्या दारात नमुना का नाही?' असा तिचा संशय असतो. स्वीडनचेच क्लास कारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 मध्ये ही कल्पना प्रयोगाने मांडली. परका दिसला म्हणून नव्हे, तर आपलेपणाची खूण हरवली म्हणून या पेशी हल्ला करतात.

मात्र केवळ संशयावर त्या कुणाला मारत नाहीत. मारक पेशीच्या अंगावर दोन प्रकारची टोके असतात. एक प्रकार थांबवणारा, दुसरा चिथावणारा. एचएलएची खूण सापडली की थांबवणारी टोके तिला आवरतात. विषाणूने त्रासलेली पेशी मात्र पृष्ठभागावर संकटाच्या खास खुणा काढते आणि त्या चिथावणाऱ्या टोकांना लागतात. दोन्हींचा हिशेब होऊन निर्णय ठरतो. तांबड्या रक्तपेशींवर एचएलएची खूण जवळपास नसते, तरी त्या सुखरूप राहतात, कारण त्यांच्याकडून चिथावणीही येत नाही.

निर्णय झाला की मारक पेशी त्या पेशीला घट्ट चिकटते. मग परफोरिन नावाचे प्रथिन सोडते, जे पडद्याला भोके पाडते. त्या वाटेने ग्रॅन्झाइम आत जातात आणि पेशीला स्वतःचाच शेवट करायला लावतात. विषाणूचा कारखाना माल बाहेर पडण्याआधीच बंद पडतो. शिवाय ही मारक पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडून इतर पेशींनाही मदतीला बोलावते.

या पेशी नसतील तर? 1989 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी एका किशोरवयीन मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्या शरीरात नैसर्गिक मारक पेशी नव्हत्या. बहुतेक मुले ज्यातून आठ-पंधरा दिवसांत उठतात, त्या कांजिण्यांनीच तिला गंभीर आजारी पाडले. नागिणीच्या कुळातील इतर विषाणूंनीही तिला पुढे छळले.

येथे एक नाजूक गोष्ट बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. काही मुलांत मारक पेशी असतात, पण परफोरिन तयार करणारे जनुक सदोष असते. 1999 मध्ये हा दोष प्रथम ओळखला गेला. पेशी मारायला जाते, पण मारू शकत नाही. मग ती रसायने सोडतच राहते आणि तो भडका मुलाच्याच अंगावर उलटतो. ताप उतरत नाही, यकृत व प्लीहा वाढतात, रक्तातील पेशी घटतात. उपचाराविना हे दुखणे जीव घेते. वेळेवर ओळखले तर औषधे आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने मूल वाचू शकते.

असा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. ते दोघे स्वतः ठणठणीत असतात. प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. आपल्याकडे चुलत, मामे, मावस नात्यांत लग्ने होतात. अशा जोडप्यांची बहुतेक मुले निरोगीच असतात, पण एकच लपलेला दोष दोघांकडे असण्याची शक्यता तिथे वाढते, हेही खरे. म्हणून घरात पूर्वी एखादे तान्हे मूल न उतरणाऱ्या तापाने गेले असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. आणि सुनेच्या पायगुणाला तर मुळीच दोष देऊ नका. हा वाटा दोन्ही घरांचा असतो.

आता पत्रांचे उत्तर. या पेशींना 'वाढवणारी' पूड विकत घेण्याचे कारण नाही. त्यांची ताकद समतोलात आहे. झोपेबाबत मात्र पुरावा आहे. एका रात्रीची झोप अर्धवट झाली तरी या पेशींची मारकशक्ती तात्पुरती घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. तापलेल्या मुलाभोवती टीव्ही आणि पाहुण्यांची गर्दी नको. त्याला झोपू द्या, घोट घोट पाणी, पेज, सरबत द्या. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनानुसार सांगितले तेवढेच द्या. ॲस्पिरिन मुलांना देऊ नका. लसी वेळेवर टोचून घ्या.

आणि नजर ठेवा, कारण पहारेकऱ्यांवर सोपवणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे. धाप लागणे, झटके, गुंगी, लघवी कमी होणे, पोटात जोरात दुखणे, कुठूनही रक्त येणे यांपैकी काही दिसले तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तान्ह्या बाळाचा ताप पहिल्याच दिवशी दाखवा. मोठ्या मुलाचाही तीन दिवसांत उतरला नाही, तर पुन्हा दवाखाना गाठा.

आमच्या नातवाचा ताप चौथ्या दिवशी सकाळी उतरला. त्याच्या आदल्याच दिवशी सूनबाईने त्याला पुन्हा दाखवून आणले होते. ती अर्धी बाटली आम्ही कपाटात परत ठेवली नाही.