रसास्वाद नको, यंत्र शिकवा



आपल्या अभ्यासवर्गात सिनेमा शिकायचं ठरलं आणि पहिल्याच बैठकीत पुस्तकावरून डोकी फुटायची वेळ आली. पनवेल स्टेशनाबाहेर चहा थंड झाला, भांडण तापलं. एक म्हणाला, इंग्रजी पुस्तक कशाला, आपण जगलो तेच आपलं पुस्तक. दुसरा म्हणाला, पुण्याचे साहेब यादी देतील ती मुकाट घ्या. मी तळोज्याच्या रोलिंग मिलमध्ये उभा राहणारा माणूस. दहावीनंतरचं माझं सगळं शिक्षण रद्दीच्या दुकानात झालं. मला दोघांशीही भांडायचंय.

आधी साहेबांच्या यादीचं. 'फिल्म ॲप्रिसिएशन'चं मराठी यांनी काय केलं? रसास्वाद! शब्दच बघा. ताट वाढलंय, पाट मांडलाय, आता जिभेवर चव घोळवायची. ज्याच्या आज्याला पंगतीबाहेर बसवलं त्यानं कसला आस्वाद घ्यायचा? असल्या एका वर्गात मी दोन दिवस बसलोय. गुरुजींनी १९५९ चा बिमल रॉयचा 'सुजाता' दाखवला. नूतनच्या डोळ्यांवर आणि गाण्यांवर तास गेला. मी विचारलं, सर, हिचं माणूसपण सिद्ध व्हायला हिच्या अंगातलं रक्त काढून त्या बाईला द्यावं लागतं, हे कसं? गुरुजी हसले. म्हणाले, आधी नजर तयार करा. च्यायला, नजर तयारच आहे. ती तुम्हाला नकोय.

यांचा इतिहास ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये सुरू होतो, फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'पासून. होऊ दे. पण त्या कथेत राजाच्या दुःखाची हद्द कुठली? राज्य गेलं, बायको-पोर विकलं, आणि शेवटी डोंबाचा चाकर झाला! मसणात राबणं ही राजाची परीक्षा, डोंबाचा मात्र अख्खा जन्म. त्याला कुठला देव प्रसन्न झाला? रसास्वादवाल्यांपैकी कुणी हे विचारलेलं मी अजून ऐकलं नाही.

आता आपल्या मित्राचं. 'अनुभव हेच पुस्तक.' ऐकायला ग्वाड लागतं. पण भट्टीतून लालभडक लोखंड येतं तेव्हा माझा अनुभव एवढंच सांगतो की भाजतं. रोलमधली फट केवढी ठेवली की सळी केवढी निघते, हे मला एका म्हाताऱ्या फोरमननं शिकवलं. तो आपल्यातला नव्हता, प्रेमळ तर अजिबातच नव्हता. तरी शिकलो.

नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३) आपण सगळ्यांनी बघितला. शेवटच्या दगडाला शिट्ट्या मारल्या. त्याच्या आधीचं आठवा. जब्याच्या घरचे डुक्कर बांधून नेतायत आणि मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीबाई. दोन्ही एकाच चौकटीत. तुकडे करून आधी बाबासाहेब, मग डुक्कर असं दाखवलं असतं तर भाषण झालं असतं. एकत्र ठेवलं म्हणून घशाशी आलं. आणि ते राष्ट्रगीत! आवाज शाळेकडून येतो, डुकरामागं धावणारे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुकराला कसलं आलंय राष्ट्रगीत. चौकटीबाहेरचा आवाज चौकटीतल्या माणसाला कसा खिळवतो, याला पुस्तकात नाव आहे. ते माहीत नसलं की आपण 'लई भारी' म्हणतो आणि गप्प बसतो. 'लई भारी' म्हणजे रसास्वादच की, फक्त आपल्या बोलीतला.

म्हणून माझं मत बोर्डवेल आणि थॉम्प्सन यांच्या 'फिल्म आर्ट'ला. पहिल्यांदा १९७९ साली आलं, मग आवृत्त्या निघत गेल्या. जुनी मिळाली तरी चालेल. चौकटीत काय मांडलं, कॅमेरा कुठं ठेवला, तुकडे कसे जोडले, आवाज कुठून आला, असा एकेक भाग खोलून दाखवलाय, मिलमधला फिटर दाखवतो तसा. जेम्स मोनॅकोचं 'हाऊ टू रीड अ फिल्म' (१९७७) वाईट नाही, पण ते सगळं जग कवेत घेतं, नवख्याला धाप लागते. मराठीत अनिल झणकरांचं 'सिनेमाची गोष्ट' आहे, तेही शेजारी ठेवू. 'फिल्म आर्ट'मध्ये आपण नाही, ठाऊक आहे मला. पान्यावर कुणी आपलं नाव शोधतं का?

आणि हा पाना लागणार कशाला? सोनबा येलव्यांसाठी. आपल्याच पनवेलची गोष्ट, म्हातारी माणसं सांगतात. हॉटेलवाल्यानं बाबासाहेबांना पाणी दिलं नाही. सोनबा घडा भरून आले तोवर गाडी निघून गेली होती. मग रोज भरला घडा घेऊन ते वाट बघत बसले, मरेपर्यंत. यावर फिल्म करू, मोबाईलवर करू, असं दोन वर्षं आपण नुसतं म्हणतोय. मला सांगा, कॅमेरा कुठं ठेवणार? हॉटेलच्या गल्ल्यापाशी ठेवला तर सोनबा लांब, बारीक, बिचारे दिसतील. उंचावर ठेवला तर वरून दया टपकेल. त्यांच्या खांद्याशी ठेवला तर दिसेल रिकामा रस्ता, ते बघत होते तोच. आणि ती सगळी वर्षं दाखवायची कशी? एका कटात उडवायची, की बघणाऱ्याला घशाला कोरड पडेपर्यंत बसवायचं?

रविवारी कॅमेऱ्याचं प्रकरण घेऊ. माझी फर्स्ट शिफ्ट आहे, चारपर्यंत पोचतो. ज्याला इंग्रजी येतं त्यानं वाचायचं, बाकीच्यांनी अडवून अडवून विचारायचं. आणि प्रत्येकानं सोनबांचा पहिला शॉट कागदावर काढून आणा. चित्र येत नसेल तर चौकोन काढा आणि घडा कुठं आहे तिथं फुली मारा.