अतसी : फळीवरचा माल की वैद्याचे द्रव्य?

पौष पौर्णिमेस म्हसा येथे श्रीखांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलबाजार हे तिचे मोठे आकर्षण. बैलापुढे पेंड ठेवताना, मग ती भुईमुगाची असो वा जवसाची, शेतकरी जनावराचे वय, काम आणि ऋतू पाहतो. तेच जवस माणसास देताना मात्र हल्ली यांपैकी काहीच विचारले जात नाही, याचा आम्हांस खेद वाटतो.

‘ओमेगा-३’ या एका शब्दावर भाजलेले बी, तेल आणि कॅप्सूल यांची विक्री चालू आहे. जवसाच्या तेलात अल्फा लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, हे खरे. परंतु माशांच्या तेलातील मेदाम्लांत त्याचे शरीरात अल्पच रूपांतर होते, हे पाकिटावर कोणी छापत नाही. भावप्रकाशाने अतसी स्निग्ध, गुरु, उष्ण व कटुविपाकी सांगितली. वातघ्न म्हणून गौरवितानाच दृष्टी व शुक्र यांस ती अहितकर असल्याचेही नोंदविले. सुश्रुतांनी तिला व्रणशोथाच्या पाचन द्रव्यांत स्थान दिले. जवसाचे पोटीस हे त्याचेच घरगुती रूप. ते आज किती चिकित्सालयांत बांधले जाते? पाकिटावरील मजकूरच वैद्याने रुग्णास ऐकवायचा असेल, तर रुग्णाने त्याच्याकडे यावे तरी कशासाठी?

यात्रेच्या दिवसांत, थंडीत अग्नी प्रदीप्त असताना, लसूण घालून केलेली जवसाची चटणी वातप्रकृतीच्या व मलावष्टंभाच्या रुग्णास उत्तम. वैशाखात पित्तप्रकृतीच्या माणसास तीच मात्रा देणे आम्हांस मान्य नाही. बी अखंड गिळल्यास बहुधा तसेच बाहेर पडते. भाजून, कुटून, भरपूर पाण्यासह घ्यावे. त्याच्या बुळबुळीतपणामुळे इतर औषधांचे शोषण मंदावू शकते, म्हणून दोन तासांचे अंतर असावे. गर्भिणी तसेच रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण यांना विचारपूस केल्याविना देऊ नये.

औषधालयचालकांसही एक विनंती. जवसाची पूड लवकर खवट होते; बी अखंड ठेवावे आणि गिऱ्हाइकासमोर आठवड्यापुरतेच कुटून द्यावे. तेलाच्या बाबतीत तर अधिकच दक्षता हवी. लाकडास लावण्याचे, रंगाच्या दुकानातील ‘बॉइल्ड’ अळशीचे तेल धातूंचे क्षार मिसळून केलेले असू शकते. नाव एकच असल्याने खेड्यातील माणूस ते स्वस्त म्हणून आणतो व पोटात घेतो. ‘तेल कोठून आणले?’ हा प्रश्न व्यवस्थापत्र लिहिण्यापूर्वी विचारावा, आणि शक्य तर बाटली पाहावी.