तीनशे दिवसांची रजा

दरवर्षी ३१ मे रोजी राज्यातल्या सरकारी कचेऱ्या, शाळा आणि आमच्यासारखी रुग्णालये शाल-श्रीफळांनी भरून जातात. कारण गमतीचे आहे. त्या पिढीतल्या अनेकांची खरी जन्मतारीख घरात कुणाला ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ही गर्दी. निवृत्तीचे वय ५८ च ठेवावे की केंद्राप्रमाणे ६० करावे, हा वादही अधूनमधून डोके वर काढतो. जुनी पेन्शन, नवी पेन्शन, महागाई भत्ता यांवर आपल्याकडे कुणीही तासभर बोलेल. निरोपसमारंभानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता हा माणूस काय करत असेल, हे मात्र कुठल्याच निवेदनात नसते.

तो सोमवार आमच्या ओपीडीत तीन-चार महिन्यांनी पोहोचतो. गणपती आटोपले की ही मंडळी दिसू लागतात. पोट साफ होत नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडते. ईसीजी ठीक, रक्त बहुतेक ठीक, साखर मात्र चढलेली.

मागे एक वरिष्ठ लिपिक असेच आले. अनेक वर्षांचा मधुमेह, पण कायम आटोक्यात. औषध वाढवण्याआधी मी त्यांना त्यांचा दिवस विचारला. नोकरीत असताना सकाळची गोळी डबा भरण्याच्या वेळेला बांधलेली होती. डबा गेला, तशी गोळीही कधी नऊला, कधी अकराला, कधी राहूनच. घर ते बसथांबा, थांबा ते कार्यालय, दोन मजल्यांचे जिने असे रोजचे पाऊण तासाचे चालणे त्यांनी व्यायाम म्हणून कधी मोजलेच नव्हते, त्यामुळे ते थांबल्याचेही कळले नाही. दुपारी दोन तास झोप, म्हणून रात्री दोनपर्यंत जाग. ‘‘मॅडम, पेपर वाचून होतो, दहा वाजतात, आणि मग काही सुचत नाही,’’ ते म्हणाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, ‘‘आता डाळींचे डबे कुठल्या क्रमाने लावायचे, ते मला शिकवतायत.’’ आम्ही तिघेही हसलो. पण त्या हसता हसता डोळे पुसत होत्या, हे मी पाहिले.

निवृत्तीने माणूस आजारी पडतोच असे नाही. फ्रान्समधील वीज व गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. निवृत्तीनंतर त्यांचा थकवा आणि उदासीची लक्षणे कमी झालेली आढळली. दुसरीकडे, ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासात शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता निवृत्तीनंतर अधिक वेगाने उतरताना दिसली. दोन्ही खरे असू शकते. कामाचा ताण उतरतो, त्याबरोबर मेंदूला मिळणारे रोजचे कामही जाते. हिशेब, नावे, वाद, बोलणी हा त्याचा व्यायामच असतो.

म्हणून आधी तयारी. आधी म्हणजे कधी? पेन्शनच्या कागदपत्रांचे काम नियमाने दोन वर्षे अगोदर सुरू होते. माझ्या मते दिवसाची तयारी त्याच्याही आधी, पन्नाशीच्या सुरुवातीलाच हवी, कारण सवय आणि मैत्री दोन्ही मुरायला वेळ लागतो.

आपल्याकडे एक विचित्र प्रकार आहे. निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या अर्जित रजेचे पैसे मिळतात, म्हणून लोक वर्षानुवर्षे रजा जपतात. परिणामी तीस-पस्तीस वर्षांत सलग पंधरा दिवस, लग्नकार्य किंवा आजारपण नसताना, घरी राहून पाहिलेले नसते. मी ओळखीच्यांना सांगते, त्यातले थोडे दिवस खर्च करा. कुठेही जाऊ नका. घरीच राहा आणि दहा वाजता काय वाटते ते बघा. घरच्यांनाही बघू द्या. कोणती खोली कुणाची, दुपारचा चहा कोण करणार, हे तेव्हाच बोलून घेतलेले बरे. गृहिणीला निवृत्ती नसते. तिच्या चालत्या कार्यालयात एक नवा साहेब येऊन बसतो.

नोकरी करणाऱ्या बायकांची गोष्ट निराळी. आमच्या एक सिस्टर निवृत्त झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात नातवंडासाठी मुलाच्या शहरात गेल्या. वर्षभराने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘तिकडे माझ्या नावाने हाक मारणारं कुणी नाही.’’ क्वार्टर सोडून गावी किंवा मुलांकडे जाण्याचा निर्णय पैशांच्या गणितावर होतो. भाजीवाली, शेजारीण, देवळातली ओळख यांचा हिशेब त्यात कुणी धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका व्यक्तीला एकाकीपणा भेडसावतो आणि त्याचा संबंध वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी आहे. तेव्हा नव्या गावी कायमचे जाण्याआधी महिनाभर राहून पाहावे. बहुतेक ठिकाणी ज्येष्ठ नागरिक संघ असतो, तिथे डोकावून यावे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी गांभीर्याने घेत नाही: कान. साठीच्या आसपास ऐकू कमी येऊ लागते. माणूस गप्पांत बसतो, पण अर्धवट समजते, म्हणून हळूहळू जाणेच सोडतो. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मांडली. त्यांत ऐकू न येणे, उपचार न केलेली अधू दृष्टी आणि एकटेपणा ही तिन्ही आहेत. श्रवणचाचणी नोकरीत असतानाच करून घ्यावी.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, आवडत्या गोष्टींत रस वाटत नसेल, पहाटेच जाग येत असेल, तर ‘रिकामपण आहे, होईल सवय’ म्हणून सोडू नये. हा नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येते, ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

त्या लिपिकांची गोळी आम्ही सकाळच्या पेपराला बांधून दिली. चालणे संध्याकाळी लावले. दहाच्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे औषध नव्हते. ते त्यांनीच शोधले. पेन्शनची प्रकरणे अडकलेल्या जुन्या सहकाऱ्यांचे अर्ज ते आता लिहून देतात, आठवड्यातून तीन दिवस, घराबाहेर. साखर पूर्ण उतरलेली नाही अजून. डाळींचे डबे पूर्वीच्या क्रमाने लागले आहेत, असे त्यांच्या पत्नीने कळवले आहे.

माझी स्वतःची तारीखही फार दूर नाही. दिवाळीनंतरच्या पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज मी दिला आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहावे, हे मला बराच वेळ सुचत नव्हते.