गाणारी लेक

मैत्रिणींनो, या आठवड्यात चकलीच्या भाजणीचं प्रमाण द्यायचं ठरलं होतं. पण टपालात एक पत्र आलं आणि भाजणी मागे पडली. रागावू नका, ती पुढच्या अंकात नक्की.

पत्र शहापूर तालुक्यातल्या एका भगिनीचं आहे. माहेर मुरबाडकडचं, सासर आसनगावजवळ. थोरली लेक सतरा वर्षांची, बारावीला. लहानपणी आजोबांबरोबर भजनात बसायची, तिथे गळा तयार झाला. दोन वर्षांपूर्वी चुलतबहिणीच्या हळदीला तिने माईक हातात घेतला आणि मांडव तिचाच झाला. आता बॅन्जो पार्टीवाले हळदीची सुपारी आली की तिला न्यायला येतात. यंदा पौषात म्हशाच्या जत्रेलाही गायला बोलावणं आहे. सासूबाई म्हणतात, "आपल्या घरात असलं चालायचं नाही." नवरा गप्प. आणि आई विचारते, "ताई, गाऊ देऊ की नको?"

या आईला उत्तर देण्याआधी मी तुम्हां सगळ्यांना एक गोष्ट सांगते. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेलं की जुन्नर तालुका लागतो. त्याच तालुक्यात नारायणगाव आहे, तमाशाची पंढरीच म्हणतात त्याला. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच आपल्या जत्रेची सुपारी द्यायला येतात. या गावाचं नाव जिने महाराष्ट्रभर नेलं, ती विठाबाई.

१९३५ साली पंढरपुरात जन्म, म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो चालवला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हे नाव तेव्हा जत्रेजत्रेत दुमदुमत होतं. अशा घरातली पोर. शाळा फारशी झालीच नाही. पाटी-पेन्सिलीच्या वयात गण, गवळण, लावणी कानावर पडली आणि गळ्यात उतरली. पुढे गाणं, नाच आणि वगातलं काम, तिन्हींत तिने नाव काढलं. १९५७ साली, म्हणजे अवघ्या बाविशीत, राष्ट्रपतींकडून तिचा गौरव झाला. १९९० साली पुन्हा झाला.

आता दुसरी बाजू ऐका. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर उभ्या होत्या. खेळ रंगात आला आणि कळा सुरू झाल्या. त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहायला निघाल्या, असं सांगतात. समोरच्या लोकांनाच ते पाहवलं नाही, त्यांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट आपण "धन्य ती बाई!" असं म्हणून सांगतो. धन्य खरीच. पण मैत्रिणींनो, आपणही बाळंतपणं काढली आहेत. त्या घटकेला आपल्याला काय हवं असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. "आजचा खेळ राहू दे" असं तिला आधीच सांगणारं कुणी का नव्हतं? एवढी नावाजलेली बाई, पण शेवटच्या आजारपणात दवाखान्याचा खर्च लोकांच्या देणग्यांतून भागवावा लागला. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. हे चांगलंच आहे, पण विठाबाईंच्या औषधाला ते उशिराच.

याच्या शेजारी सुलोचना चव्हाण यांना ठेवून पाहा. त्यांचा जन्म १९३३ चा, मुंबईत गिरगावातला. लावणी त्यांचीही, पण नवरा श्यामराव चव्हाण स्वतः संगीतातले. लावणीतला कुठला शब्द कसा फेकायचा, हे त्यांनी बायकोला शिकवलं आणि तिच्या पाठीशी उभे राहिले. अंगभर पदर घेऊन सुलोचनाबाईंनी ठसकेबाज लावण्या गायल्या आणि २०२२ साली पद्मश्री मिळवली. घराण्याची अब्रू लावणीने गेली नाही, उलट वाढली.

तर शहापूरच्या बाई, गाणं वाईट की चांगलं, हा प्रश्नच नाही. विठाबाईंच्या कलेत काही उणं नव्हतं. उणीव होती ती वेळेवर विसावा देणाऱ्या माणसाची आणि उतारवयाच्या शिदोरीची. तुमच्या चार पानी पत्रात मला दोन गोष्टी खटकल्या. तुम्ही लिहिता, "अंगात ताप असताना रात्री दोनपर्यंत गायली, पण कुणाला कळू दिलं नाही." हे कौतुकाने लिहिलंय तुम्ही! आणि दुसरी, तिला सुपारीतले किती मिळतात, ते कुणाच्या हातात पडतात, याचा पत्रात कुठे उल्लेखच नाही.

म्हणून माझं सांगणं असं. गाऊ द्या, पण आईने राखण करून. सुपारी ठरताना स्वतः समोर बसा. मुलगी अजून अठराची नाही, तेव्हा बोलणं तुमच्याशीच झालं पाहिजे. तारीख, गाव, किती तास, किती पैसे, येण्याजाण्याची सोय, हे सगळं वहीत लिहा आणि पार्टीवाल्याची सही घ्या. अर्धे पैसे आधी. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा "दहाला माझी मुलगी घरी" म्हणायला लाजू नका. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावावर बचत खातं काढता येतं. तिची कमाई तिथे जाऊ द्या, घरखर्चात विरघळू देऊ नका. बारावीची परीक्षा होईपर्यंत महिन्याला एकच सुपारी. आणि ताप आला तर त्या दिवशी गाणं नाही, मग मांडव कुणाचाही असो.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना एकदा लेकीचं भजन ऐकायला पुढे बसवा. आजोबांनी घडवलेला गळा आहे, म्हातारीचं मन विरघळेल.

जाता जाता गळ्यासाठी दोन गोष्टी. गाण्याआधी आणि नंतर कोमट पाणी थोडं थोडं प्यावं, रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात. ज्येष्ठमधाचा तुकडा तोंडात धरला तर घशाला बरं वाटतं. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत उघडला नाही, तर मात्र घरगुती उपाय पुरे, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि बाई, म्हशाच्या जत्रेला जाल तेव्हा मांडवात मागे उभ्या राहू नका. लेकीला दिसेल अशा जागी बसा. ती थकली की आधी तुमच्याकडेच बघेल.