विश्लेषण : कार्यालय हलले, की पगार का घटतो?

मुंबईचा हिरे बाजार २०१० मध्ये ऑपेरा हाऊस परिसरातून वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) गेला. नरिमन पॉइंटमधील अनेक बँका आणि वित्तसंस्थांनीही हाच मार्ग धरला. अशा स्थलांतरात पगाराचा आकडा तोच राहतो, पण कर्मचाऱ्याच्या हाती उरणारी रक्कम बदलते. ती कशी?

प्रवासात काय बदलले?

ऑपेरा हाऊसला चर्नी रोड स्थानकातून चालत जाता येते. बीकेसीत मात्र लोकलचे स्थानक नाही. वांद्रे किंवा कुर्ला येथे उतरून बस अथवा शेअर रिक्षा पकडावी लागते. त्यामुळे विरार वा डोंबिवलीकरांचे रेल्वेतील अंतर घटले, तरी पासाखेरीज रोजचा वेगळा खर्च आला. गिरगावात राहणाऱ्यांचे तर अंतरही वाढले. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरे ते कफ परेड धावते आणि बीकेसीत थांबते; पण तिचे १० ते ७० रुपयांचे भाडे लोकलच्या पासापेक्षा महाग पडते.

पगार किती घटतो?

समजा, पगार २० हजार रुपये, महिन्याला २६ दिवस, रोज आठ तास काम आणि दोन तास प्रवास. म्हणजे महिन्याचे २६० तास आणि तासाला सुमारे ७७ रुपये. कार्यालय हलल्यावर प्रवास रोज एका तासाने आणि खर्च ४० रुपयांनी वाढला, तर हाच दर सुमारे ६६ रुपयांवर येतो. घट १४ टक्क्यांची, पण वेतनचिठ्ठीत ती कुठेच दिसत नाही.

कायदा काय सांगतो?

वेतन, भत्ते, कामाचे तास, पाळ्या यांत बदल करण्यापूर्वी कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मात्र या यादीत कामाच्या जागेचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय व्यवस्थापकीय पदावरील कर्मचारी ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाहीत.

मग मागायचे काय?

कंपन्या सहसा प्रवासभत्ता देऊ करतात. तो तातडीचा खर्च भागवतो. पण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीच्या हिशेबात साधारणपणे धरला जात नाही. मूळ वेतनातील वाढ तिथेही मोजली जाते. भत्त्याने गेलेला वेळही परत मिळत नाही. त्यासाठी स्थानकापासून कंपनीची बस, कामाच्या वेळेत सवलत किंवा काही दिवस घरून काम हेच उपाय उरतात. नव्या जागेचा करार होण्याआधी या मागण्या मांडल्या गेल्या, तरच स्थलांतराच्या खर्चात त्यांचा हिशेब धरला जाण्याची शक्यता असते.