संमतीपत्रावरचा अंगठा

गोंदिया जिल्ह्यात बिडी वळणाऱ्या बाईचा दिवस हजाराच्या हिशेबाने मोजला जातो. हजार बिड्या भरल्या तर मजुरी. सट्टेदाराने त्यांतून छाट काढली तर तेवढी मजुरी बुडाली. सुपात तंबाखू, मांडीशी तेंदूपत्ता आणि दर श्वासाबरोबर आत जाणारी भुकटी. तिचा नवरा राईस मिलमध्ये हमाल असेल तर त्याच्या वाट्याला भाताच्या कोंड्याची धूळ आहेच; घरी परतल्यावर दोघांना चुलीचा धूर आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने व्यावसायिक आजारांची यादी केली. पण कारखान्याबाहेर, स्वतःच्या ओसरीवर बसून बिडी वळणारी बाई त्या यादीच्या कक्षेतच आली नाही. तिच्या खोकल्याला गावात ‘दमा’ म्हणतात आणि दम्याला नशीब.

अशा बाईसमोर उद्या एखाद्या औषधचाचणीचा कागद येईल. 2016 पासून गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जेथे वैद्यकीय महाविद्यालय तेथे संशोधन येणारच आणि यावेही. तिला सांगितले जाईल की छातीचा फोटो फुकट, रक्ततपासणी फुकट, औषध फुकट, शिवाय येण्याजाण्याचे भाडे. आजवर तिला कोणी पाच मिनिटे बसवून विचारपूस केलेली नाही. येथे डॉक्टर दर महिन्याला नावाने हाक मारणार. ती अंगठा उठवील. कायद्याच्या भाषेत या अंगठ्याचे नाव ‘माहितीपूर्वक संमती’. वस्तुतः तिने संमती दिली ती उपचाराला. चाचणी ही त्या उपचाराची तिच्याकडून वसूल केलेली किंमत होय.

सगळ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे आणि ते औषध कंपन्यांच्या ‘स्वयंसेवक’ या गोंडस शब्दाखाली झाकले जाते. ज्याला चाचणीबाहेरही तोच उपचार मिळू शकतो, त्याच्या होकाराला स्वेच्छा म्हणता येईल. ज्याला नकार दिल्यावर परत फक्त खोकलाच मिळणार आहे, त्याच्या होकाराला काय म्हणावे?

यावर चळवळीतील अनेकांचे उत्तर ठरलेले असते: गरिबांना प्रयोगशाळेतले उंदीर करू नका, चाचण्या बंद करा. या संतापाला आधार आहे. 1984 च्या वायुकांडात फुफ्फुसे जळालेल्या भोपाळच्या रहिवाशांवर, त्यांच्याचसाठी उभारलेल्या रुग्णालयात औषधांच्या चाचण्या झाल्या. आपण चाचणीत आहोत हे ठाऊकच नव्हते, असे त्यांतील काहींनी पुढे सांगितले. 2005 ते 2012 या काळात 475 नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान 2,644 माणसे दगावली, हे केंद्र सरकारनेच 2013 साली सर्वोच्च न्यायालयात मान्य केले. त्यांपैकी 80 मृत्यूच चाचणीमुळे झाले, असेही सरकारने सांगितले. आजारी माणसे चाचणीत नसती तरीही दगावतात, हे खरे आहे आणि 2,644 हा आकडा सरसकट कंपन्यांच्या माथी मारणे अप्रामाणिक ठरेल. पण मृत्यूचे कारण ठरवणारे लोक कोण आणि त्यांचे मानधन कोठून येते, हा प्रश्न त्या 80 च्या आकड्यालाही विचारावा लागतो.

तरीही बंदीची मागणी चूक आहे, आणि ती कष्टकऱ्यांच्याच मुळावर येणारी आहे. 1956 साली मद्रासमध्ये क्षयरोग उपचार केंद्र निघाले. तेथील चाचणीत निम्मे रुग्ण आरोग्यधामात ठेवले गेले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषध दिले गेले. घरच्या रुग्णांचे अन्न निकृष्ट, विश्रांती नावालाच. तरी वर्षाअखेरी दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे आले. घरातल्या माणसांना जादा धोका झाला, असेही दिसले नाही. 1959 साली हे प्रसिद्ध झाले आणि क्षयाचा उपचार डोंगरावरच्या स्वच्छ हवेतून, म्हणजे पैसेवाल्यांच्या मक्त्यातून, सुटून झोपडीत आला. मद्रासच्या त्या गरीब रुग्णांनी चाचणीवर बहिष्कार घातला असता तर नुकसान कोणाचे झाले असते?

दुसरे उदाहरण अगदी अलीकडचे, आणि भातपिकाच्या या जिल्ह्याने तर पाठ करावे असे आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 2019 ते 2022 या काळात क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर एक चाचणी झाली. तीत औषध होते तांदूळ आणि डाळ! रुग्णांना दोन्ही गटांत शिधा दिला; घरच्या माणसांना मात्र एकाच गटात. 2023 साली निष्कर्ष आला: ज्या घरांना शिधा मिळाला तेथे नव्या क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. तांदळावर पेटंट घेता येत नाही, म्हणून कोणतीही कंपनी असली चाचणी कधी करणार नाही. ती सार्वजनिक पैशाने आणि आदिवासी कुटुंबांच्या सहभागानेच होऊ शकली.

आणि निष्कर्षाचे पुढे काय झाले? 2024 साली क्षयरुग्णाच्या पोषणाची रक्कम महिना 500 वरून 1,000 रुपये झाली, हे स्वागतार्हच. पण घरच्या माणसांच्या शिध्यासाठी सरकारने बोट दाखवले ते ‘निक्षय मित्रां’कडे, म्हणजे दात्यांच्या टोपल्यांकडे. ज्यांच्या शरीरांनी हे ज्ञान मिळवून दिले, त्यांच्याच वर्गाला ते दान म्हणून परत मिळते. हक्काचे असे खैरातीत रूपांतर करण्यात आपले राज्यकर्ते निष्णात आहेत. फोटो काढायला टोपली बरी पडते.

तेव्हा लढा चाचणीच्या दारात नव्हे, त्याच्या अलीकडे द्यावा लागेल. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथल्या बिडी कामगाराला तालुक्याच्या रुग्णालयातच श्वास मोजणारे यंत्र, फवाऱ्याचे औषध आणि ते दर महिन्याला मिळण्याची हमी हवी. हे मिळाले की चाचणीच्या कागदावर तिला ‘नाही’ म्हणता येईल, आणि म्हणूनच तिच्या ‘हो’ला अर्थ येईल. 2019 च्या नियमांनी इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई सांगितली आहे. दुर्बल घटकांतील सहभागींच्या बाबतीत, औषध अगदी नवे असेल तर, संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही बंधनकारक केले आहे. चाचणी संपल्यावर औषध चालू ठेवण्याची तरतूद मात्र अटींनी जखडलेली आहे: दुसरा उपचार नसावा, डॉक्टरने शिफारस करावी, नीतिसमितीने मान्यता द्यावी. चाचणीत ज्याने आराम पडला ते औषध त्यानंतर कोणत्या भावाने मिळणार, हे संमतीपत्रावर साध्या मराठीत, सही घेण्यापूर्वी लिहिलेले असावे.

कामगार संघटनेने आणखी एक गोष्ट मागावी. तपासणीसाठी बाई गोंदियाला गेली की तिचा दिवस मोडतो आणि त्या दिवशी बिड्या वळल्या जात नाहीत. बसभाडे देणाऱ्यांनी त्या हजार बिड्यांची मजुरीही मोजावी, आणि ती सट्टेदाराच्या दराने नव्हे, सरकारी किमान वेतनाच्या दराने.